जेम-फाइव्ह सिम्युलेटर वर्षभर वापरून: फुकट आहे, पण रात्री आपल्या जातात

मागच्या महिन्यात दोन पोरं वेगवेगळी येऊन मला एकच गोष्ट विचारून गेली, सर एम.टेक.ला जेम-फाइव्ह घेऊ का, झेपंल का. दोघांना तेच तेच बोलून तोंड दुखलं, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो. मी नांदेडला असतो, पोरांना कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकवतो आणि स्वतःचं संशोधन म्हणजे रात्री अकरानंतर घरात सगळे झोपल्यावर जे काय होतं तेवढं. लॅपटॉप सेकंडहँड, चार कोअरचा, आधी ८ जीबी रॅम होती आता १६ आहे, ती का वाढवावी लागली ते खाली येतंच.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी. हा कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्राम आहे. प्रोसेसर, कॅश (प्रोसेसरच्या जवळची छोटी पण जलद मेमरी), रॅम सगळं सॉफ्टवेअरमधे मांडायचं, त्यावर आपला प्रोग्राम चालवायचा आणि बघायचं की कॅश दुप्पट केली असती तर काय झालं असतं. खरी चिप बनवून बघणं आपल्या सात पिढ्यांना परवडणार नाही, इथं कॉन्फिग फाइलमधला एक आकडा बदलला की नवी चिप तयार. मिशिगन विद्यापीठाचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स असे दोन सिम्युलेटर एकत्र करून हा झाला, २०११ ला त्याचा पेपर आला आणि तेव्हापासून या विषयात काम करणारा जवळपास प्रत्येक माणूस कधी ना कधी याच्या वाटेला जातोच. बीएसडी लायसन्स आहे, एक रुपया लागत नाही.

रुपया लागत नाही पण वेळ किती लागतो ते आधी कुणी सांगत नाही, म्हणून हिशोबच मांडतो. यात प्रोसेसरची मॉडेलं चार-पाच प्रकारची मिळतात. सगळ्यात हलकं ॲटॉमिक, ते इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेला एक छोटा हुकूम) घेतं, करतं, पुढं जातं, मेमरीला किती वेळ लागला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग टायमिंग, ते मेमरीची वाट बघतं. मग मायनर, साधी पाइपलाइन, म्हणजे इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्यानं ओळीत पुढं सरकतात. आणि सगळ्यात जड ओ-थ्री, त्यात आउट-ऑफ-ऑर्डर, म्हणजे क्रम मोडून जे तयार ते आधी करणाऱ्या प्रोसेसरची सगळी भानगड आहे, रांगा, अंदाज चुकला की मागं फिरणं, सगळंच. माझ्या लॅपटॉपवर ओ-थ्री सेकंदाला साधारण दीड लाख इन्स्ट्रक्शन ओढतं. ऐकायला बरं वाटतं, पण दोन गिगाहर्ट्झचा खरा प्रोसेसर दर सायकलला (घड्याळाच्या दर ठोक्याला) एक इन्स्ट्रक्शन जरी करत असला तरी सेकंदाला दोनशे कोटी होतात. भागाकार करून बघा, खऱ्या मशीनवरचा एक सेकंद म्हणजे इथं जवळपास पावणेचार तास. आणि पोरं येतात ती दहा-दहा सेकंद चालणारे प्रोग्राम घेऊन.

माझा पहिला मोठा रन सांगतो म्हणजे कळंल. मॅट्रिक्स गुणाकार, साधा तीन फॉर-लूपवाला, सेकंड इयरची पोरं लिहितात तसला. मला बघायचं होतं की एल-टू (दुसऱ्या पातळीची) कॅश २५६ केबीची ५१२ केबी केली तर फायदा किती. २५६ बाय २५६ चं मॅट्रिक्स ओ-थ्रीवर पंधरा मिनिटात झालं, म्हणून हुरूप आला आणि डायरेक्ट १०२४ लावलं. बाजू चौपट म्हणजे काम चौसष्टपट, पंधरा मिनिटाचे सोळा तास, हे गणित मी आठवड्यातनं दोनदा वर्गात फळ्यावर लिहितो आणि स्वतःच्या वेळेला मात्र विसरलो. मे महिना, रात्री आठला लावला, लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून समोर कूलर, कूलर माझ्यासाठी नाही लॅपटॉपसाठी, बायको ते बघून काय बोलली ते इथं लिहीत नाही. सकाळी साडेनऊला लाइट गेली. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी ती, वीस मिनिटं तगली. लाइट आल्यावर निकालाचं एम-फाइव्ह-आउट फोल्डर उघडलं तर स्टॅट्स डॉट टीएक्सटी फाइल तिथं आहे, आणि साइज शून्य बाइट. साडेतेरा तासाचा शून्य बाइट. कारण हा बाबा आकडे शेवटी एकदमच लिहितो, मधे लिही म्हणून आपण सांगितलं तरच मधे लिहितो, आणि मी सांगितलं नव्हतं.

त्या वेळी अण्णा गावाकडनं आलेले होते, वसमतकडं आमची शेती आहे. सकाळी चहा पिता पिता म्हणले, "हे रातभर काय दळायलंय रं? पीठ तर दिसंना कुठं." मी त्यांना समजावून सांगायला लागलो की अख्खा प्रोग्राम बारीकसारीक तपासायला एवढा वेळ लागतो. तर म्हणले, "अख्खं कशाला? सोयाबीनचा उतारा काढायला सगळं शिवार कापतेत का?"

खरं सांगतो, माझ्या गाइडनं सहा महिन्यात जे सांगितलं नव्हतं ते इथं दोन वाक्यात झालं. पीक कापणी प्रयोग ज्यांनी बघितलेत त्यांना लगेच कळंल. मंडळातली काही शेतं निवडायची, त्यात ठरलेल्या मापाचा एक तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, वजन करायचं, आणि त्यावरनं सगळ्या मंडळाचा उतारा. सिम्युलेटरमधेही हेच करायचं असतं. मी काय केलं, मॅट्रिक्स १०२४ चंच ठेवलं, पण बाहेरच्या लूपच्या फक्त बारा ओळी चालवल्या. पहिल्या दोन कॅश गरम व्हायला, मग आकडे रिसेट, पुढच्या दहा मोजायच्या, मग आकडे लिहून बाहेर. रिसेट आणि डंपच्या ओळी प्रोग्राममधेच घालता येतात, सोय चांगली आहे त्याची. एक ओळ साधारण एक मिनिट घेते. मॅट्रिक्स भरण्यासकट सगळं पंधरा मिनिटात उरकलं. नंतर एका रविवारी कॉलेजच्या लॅबमधे यूपीएसवर अख्खा सोळा तासाचा रन पण लावून बघितला, मनाला शांती म्हणून, तर ओळीमागचा वेळ जवळपास तोच आला. का नाही येणार, या प्रोग्रामची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीसारखंच काम करते.

पण अण्णांनी पुढचं पण सांगितलं होतं आणि ते जास्त महत्त्वाचं. आमच्या शिवारात काळी जमीन पण आहे आणि बरड पण. प्रयोगाचा तुकडा काळीत पडला की उतारा चांगला दिसतो, आणि बरडावर ज्याचं पीक गेलं तो विम्याची वाट बघत बसतो. मर्ज सॉर्ट घेतलं आणि माझं तेच झालं. त्यात सुरुवातीला छोटे छोटे तुकडे जुळवले जातात, ते कॅशमधे मावतात, सगळं गारेगार चालतं. शेवटी लांबलचक तुकडे येतात आणि मेमरीकडं चकरा सुरू होतात. मी पहिला दहावा हिस्सा चालवून निकाल काढला असता तर काळीतला उतारा सगळ्या गावाला लावल्यासारखं झालं असतं. यावर उपाय लोकांनी केव्हाच करून ठेवलाय, सिमपॉइंट नावाची पद्धत आहे, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली, २००२ ची. प्रोग्रामचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात कोडचा कोणता भाग किती वेळा चालला ते मोजायचं, सारखे दिसणारे तुकडे एका गटात टाकायचे आणि प्रत्येक गटातला एकच तुकडा डिटेलमधे चालवून त्याला गटाच्या आकाराइतकं वजन द्यायचं. म्हणजे आधी काळी किती बरड किती ते ठरवा, मग दोन्हीत एक-एक प्लॉट टाका. पुढच्याच वर्षी कार्नेगी मेलनवाल्यांनी स्मार्ट्स नावाची दुसरी तऱ्हा मांडली, त्यात मोठे तुकडे नाहीतच, हजार-हजार इन्स्ट्रक्शनचे बारीक नमुने भरपूर ठिकाणाहून घ्यायचे आणि मधल्या वेळात कॅश नि ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्राम पुढं कुठं वळणार याचा अंदाज बांधणारा भाग) हलक्या मॉडेलनं ताजे ठेवायचे. मला सिमपॉइंट जास्त जमलं, कारण आपल्याला नेमका कोणता तुकडा चालतोय ते डोळ्यानं दिसतं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी पण केली आणि जवळपास प्रत्येक पोरगं करतं. वेळ वाचवायचा म्हणून इनपुटच छोटं करायचं. मी १०२४ च्या जागी ६४ टाकलं, चौदा-पंधरा सेकंदात निकाल, २५६ केबी आणि ५१२ केबीत काडीचा फरक नाही, आणि मी खुश, लिहून पण टाकलं की एल-टू वाढवून उपयोग नाही. अरे पण ६४ बाय ६४ डबलचं (एक आकडा ८ बाइट) एक मॅट्रिक्स ३२ केबीचं, तिन्ही मिळून ९६ केबी, दोन्ही कॅशमधे आरामात मावतंय, फरक पडणार कुठनं? मग २०० टाकलं, तिथं दर ओळीला अख्खं परत वाचावं लागतं ते एक मॅट्रिक्स सव्वातीनशे केबीच्या आत-बाहेर, ते २५६ मधे मावत नाही पण ५१२ मधे मावतं, आणि फरक ढळढळीत दिसला. मग १०२४, एक मॅट्रिक्स ८ एमबी, ते कशातच मावत नाही, फरक परत गायब. एकच प्रश्न, तीन साइज, तीन निकाल, आणि तिन्ही बरोबर! इनपुट छोटं करणं म्हणजे एकराचा उतारा काढायला घरामागच्या वाफ्यात सोयाबीन लावून मोजणं, खर्च कमी होतो पण तुम्ही दुसऱ्याच जमिनीबद्दल बोलायला लागता. डाटा मोठाच ठेवा, चालवायचा वेळ कापा.

१०२४ वर अजून एक गंमत सापडली. मॅट्रिक्सच्या उभ्या कॉलमनं चाललं की दर पावलाला बरोबर ८१९२ बाइटची उडी पडते, आणि ती दोनाचा घात असल्यानं सगळ्या उड्या कॅशच्या त्याच त्या चार-आठ कप्प्यात जाऊन पडतात, बाकी कॅश रिकामी ठणठणीत. म्हणजे दाराशी रांग आणि आत सगळा हॉल मोकळा. प्रत्येक ओळीत आठ फालतू आकडे जास्तीचे घातले, १०२४ चं १०३२ केलं, तर उड्या सगळीकडं पसरल्या आणि एल-टूच्या मिस (हवा तो डाटा कॅशमधे न सापडणं; सापडला तर हिट) दणादण खाली आल्या. हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलेलं आणि शिकवलेलं पण आहे, पण स्वतःच्या आकड्यात बघितलं तेव्हा रात्री दीडला उठून पाणी पिऊन आलो.

आणि यातली खरी गोष्ट अशी की हे बघायला ओ-थ्री लागलंच नाही. ॲटॉमिकला कॅश जोडली तरी हिट किती मिस किती ते नीट मोजलं जातं, माझ्याकडं सात-आठपट लवकर होतं. फक्त किती वेळ लागला हे त्याला विचारायचं नाही. मला हे उशिरा कळलं, आणि कुठं कळलं तर प्रेझेंटेशनमधे. मी मोठ्या दिमाखात स्लाइडवर आयपीसी, म्हणजे दर सायकलला किती इन्स्ट्रक्शन झाल्या तो आकडा, ०.९९ दाखवला, समोर बसलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, मॉडेल कोणतं? म्हणलं ॲटॉमिक. ते हसलेच. ॲटॉमिकमधे मेमरीचा वेळ धरलेलाच नसतो, त्यामुळं प्रोग्राम कसलाही टाका, आयपीसी एकाच्याच आसपास येणार. मी प्रोसेसर मोजलाच नव्हता, मॉडेलची व्याख्या मोजून आणली होती. तिथून खाली बसेपर्यंतचं अंतर लई लांब वाटलं.

म्हणून माझी आताची पद्धत पैसेवारीसारखी (पिकाच्या सरकारी अंदाजासारखी) आहे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम, तसं. वीस कॉन्फिग असतील तर आधी सगळ्या ॲटॉमिकवर, त्यातल्या चार-पाच टायमिंगवर, आणि ज्या दोघात खरंच घासाघीस आहे तेवढ्याच ओ-थ्रीवर. एक रन एकच कोअर वापरतो, त्यामुळं चार कोअरवर चार रन एकदम लावता येतात, रॅम पुरली पाहिजे एवढंच.

चेकपॉइंटची, म्हणजे रन जिथं पोचला ती स्थिती साठवून नंतर तिथूनच उठवायची सोय आहे, लाइटच्या भानगडीत तीच वाचवते. हलक्या मॉडेलनं प्रोग्राम हव्या त्या जागेपर्यंत पळवा, चेकपॉइंट घ्या, मग तिथनं ओ-थ्री लावून चालवा. पण उठल्यावर कॅश रिकामी असते हे लक्षात ठेवा. थंडीच्या सकाळी मोटरसायकल पहिल्या किकला धूर सोडते ते बघून कुणी तिचं ॲव्हरेज काढत नाही, तसं पहिले काही लाख इन्स्ट्रक्शन सोडून द्या आणि मग मोजा. मी हे न करता एका कॉन्फिगला आठवडाभर वाईट म्हणत होतो.

आता तक्रारी. बसवणं म्हणजे छळ आहे. सोर्स उतरवून स्कॉन्स नावाच्या टूलनं बिल्ड करायचा, माझ्या ८ जीबीवर चार जॉब टाकले तर शेवटच्या लिंकिंगला मशीन असं गोठलं की माउस पण हलंना. दोन जॉबवर अडीच तास. त्याच आठवड्यात रॅम वाढवली. दुसरी तक्रार, व्हर्जन बदलली की वाटा बदलतात. जुन्या व्हिडिओत जी एस-ई डॉट पाय स्क्रिप्ट दाखवतात ती आता डेप्रिकेटेड फोल्डरमधे नेऊन टाकलीय, स्टॅट्सची नावं पण बदलली, त्यामुळं आकडे उचलणारी माझी छोटी स्क्रिप्ट एका अपडेटनंतर गपचूप सगळीकडं शून्य देत होती. नवीन आलेल्यानं थेट जेम-फाइव्हच्या स्टँडर्ड लायब्ररीपासून सुरुवात करावी, जुने व्हिडिओ बघूच नयेत. साधा प्रोग्राम चालवायचा असंल तर एस-ई मोड (नुसता प्रोग्राम चालवायचा प्रकार) घ्या आणि प्रोग्राम स्टॅटिक, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी आतच घेऊन, कंपाइल करा. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नसते हे मात्र विसरू नका, ज्याच्या प्रोग्रामचा अर्धा वेळ फाइली वाचण्यात किंवा थ्रेडच्या ओढाताणीत जातो त्याला फुल-सिस्टिमशिवाय, म्हणजे आत अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याशिवाय, पर्याय नाही. फुल-सिस्टिममधे लिनक्स बूट होताना बघत बसणं हा वेगळाच वैताग, केव्हीएम (लिनक्समधली, खऱ्या प्रोसेसरवरच थेट चालवायची सोय) वापरून तो भाग झटक्यात होतो, पण त्यासाठी आतल्या नि बाहेरच्या प्रोसेसरची जात, म्हणजे इन्स्ट्रक्शनची भाषा, एक लागते. माझं काम रिस्क-फाइव्हवर (ही वेगळी जात) आणि लॅपटॉप इंटेलचा, म्हणजे आपल्या पानात ते नाहीच.

आणि एक तक्रार सॉफ्टवेअरची नाही, आपलीच. हा आकडे सहा दशांशापर्यंत देतो. ०.०५१२३४ असं काही बघितलं की वाटतं किती अचूक. पण डिफॉल्ट सेटिंगमधला प्रोसेसर हा बाजारात मिळणारा कोणताच प्रोसेसर नाही, रॅमचं मॉडेल आपण न बघता जे होतं तेच घेतलेलं असतं. एक टक्क्याच्या फरकावर पेपर लिहिणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. दोन कॉन्फिगची एकमेकाशी तुलना करायला मी याच्यावर भरवसा ठेवतो, अमुक मशीनवर अमुक मिलिसेकंद लागतील हे सांगायला नाही ठेवत.

दुसरं काही बघावं का म्हणाल, तर प्रश्नावर आहे. फक्त कॅशच्या मिस मोजायच्या असतील आणि प्रोग्राम इंटेलवर चालत असंल तर व्हॅलग्राइंडमधलं कॅशग्राइंड, पाच मिनिटात काम, कशाला डोंगर उचलायचा. रिस्क-फाइव्हचा प्रोग्राम नुसता बरोबर चालतोय का बघायला स्पाइक किंवा क्यूएमयू. भरपूर कोअरचं मशीन आणि लांब प्रोग्राम असंल तर बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातलं स्नायपर, ते प्रत्येक सायकल मोजत बसत नाही, मोठ्या घटना म्हणजे कॅश मिस, ब्रँच चुकणं, यांच्या मधला काळ सूत्रानं काढतं, त्यामुळं जेम-फाइव्हपेक्षा बरंच पळतं. पण पाइपलाइनच्या आत हात घालून एखादी रांगच बदलून बघायची असंल तर शेवटी इथंच यावं लागतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो बिल्ड आणि जुन्या स्क्रिप्टांच्या गोंधळासाठी, शून्य बाइटवाली चूक माझी होती म्हणून तिचा कापला नाही. त्या दोन पोरांना एवढंच सांगणं, येताना आपला प्रश्न एका ओळीत लिहून आणा, वेळ मोजायचाय का मिस मोजायच्यात, आणि डाटा किती केबीचा आहे. ते आणलं की कोणतं मॉडेल लावायचं ते पाच मिनिटात ठरवू. आणि रन लावायच्या आधी लॅपटॉपची बॅटरी किती तग धरते ते एकदा प्लग काढून बघा.